सलोमीच्या कमरेचा पंचा

आमच्या खोऱ्यात विधवा पुष्कळ होत्या, पण सलोमी डेटवायलरला 'बिचारी' म्हणायची छाती कोणाची झाली नाही. तिचा नवरा लेव्ही झाड तोडताना ओकाखाली सापडून गेला. त्याला पुरून आल्यावर बायका तिच्या स्वयंपाकघरात जमल्या, कोणी रडलं, कोणी पाव कापला, आणि अर्ध्या तासाने कोणाच्या तरी लक्षात आलं की जिच्यासाठी रडायचं ती घरातच नाही. ती मागच्या ओढ्याकाठी भट्टीला जाळ घालत होती. अंगावर काळा झगा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात लाकडाचा ढलपा. एका म्हातारीने तिची लाज काढत म्हटलं की निदान आज तरी हे थांबवायचं होतंस. सलोमी म्हणाली, "पानं काल भिजत घातली होती. ती सडायला लागली तर लेव्हीच मला शिव्या घालील."

ही भट्टी टीबेरीच्या तेलाची. टीबेरीचं झाड म्हणावं तर ते झाडही नव्हे. वीतभर उंचीचं, पाइन आणि ओकच्या पाचोळ्याखालून दोरीसारखं सरपटत जाणारं, कोणाच्या नजरेत न भरणारं. पानं चामड्यासारखी जाड आणि तकतकीत. उन्हाळ्यात पानाआड पांढरी घंटेसारखी इवली फुलं येतात, आणि पानगळीला त्यांची लालभडक बेरी होते. बाकी सगळं रान थंडीने माना टाकतं तेव्हा ही बया बर्फाखाली हिरवीच्या हिरवी राहते, आणि बर्फ वितळलं की तीच लाल बेरी पुन्हा जशीच्या तशी समोर, उलट अधिक गोड होऊन. पान चावलं की जिभेला आधी थंड लागतं, मग तिखट, मग गोड. आमच्याकडे पाळण्यातून उतरलेलं पोर ते चावतं आणि दात नसलेला म्हाताराही ते चघळतो. प्रवचनाला बसताना गालात एक पान हवंच, नाहीतर डोळा लागतो. खोऱ्यात कोणाच्याही तोंडाला टीबेरीचा वास यायचा, आणि म्हणून तो कोणालाच यायचा नाही.

तेल काढायचं म्हणजे पानं रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी तांब्याच्या हंड्यात शिजवायची, वाफ वळणावळणाच्या नळीतून गार पाण्याच्या पिंपातून फिरवायची आणि खाली बरणी लावून बसायचं. बाकीची तेलं पाण्यावर तरंगतात. हे जड, मुकाट तळाला जाऊन बसतं. शहरातला व्यापारी ते न्यायचा आणि त्यातून गुडघ्याला चोळायची मलमं आणि पोरांच्या गोळ्या व्हायच्या. सलोमीचा सगळा हिवाळा त्या बरणीच्या तळाला असायचा. लेव्ही गेल्यावर दिराने तिला आपल्या घरी राहायला बोलावलं, दोन विधुरांनी मागणी घातली, आणि तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं की भट्टी आहे तोवर मला कोणाच्या ताटातलं नको. पानं खुडायला येणाऱ्या बायकांना ती पान ओरबाडू द्यायची, पण जमिनीतली दोरी कोणी उपटली की तिच्या पाठीत काठी बसायची. मग ती बाई वयाने मोठी असली तरी.

केझायाच्या पाठीतही एकदा बसली होती, पण ती लहानपणची गोष्ट. केझाया आणि सलोमी शेजारच्या शेतांवरच्या. बर्फ वितळताना दोघींना टोपली देऊन रानात धाडायचे, गोड पावात घालायला बेऱ्या आणा म्हणून, आणि खाल्ल्यात तर बघा असा दम असायचा. परतताना वाटेत दोघी एकमेकींची तपासणी करायच्या. एकीने तोंड उघडून 'हाः' करायचं आणि दुसरीने नाक जवळ नेऊन सांगायचं, किती खाल्ल्या. सलोमीचं नाक कधी चुकलं नाही. केझायाचं नेहमी चुकायचं. पुढे केझायाचं लग्न एफ्राइम ब्रम्बॉशी झालं, तो आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सेवक नेमला गेला, आणि सेवकाची बायको म्हणून केझायाने हळूहळू मोठ्याने बोलायचं सोडलं. रविवारी भेटल्या की दोघी एकमेकींच्या गालाला गाल लावायच्या, तेवढंच उरलं होतं.

मग सरकारने देशभर दारूबंदी केली. आमच्या मंडळीला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. आम्ही डंकर पंथाचे लोक आजोबा-पणजोबांपासून दारूला शिवलेलो नाही, निदान म्हणायला तरी. पण त्या दिवसापासून तांब्याच्या हंड्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. कालपर्यंत ती सलोमीची भट्टी होती, आता नुसतीच 'भट्टी' झाली. एफ्राइम तिच्याकडे येऊन गोड आवाजात सांगून गेला की मंडळीच्या नावाला डाग नको, हंडा फोडून तांबं भंगारात दे. एफ्राइमचा आवाज खरंच गोड होता. त्याची पांढरी दाढी छातीवर अशी पसरायची की प्रार्थनेला तो उभा राहिला तर बायकांना आपोआप हुंदका यायचा. सलोमीला काही आला नाही. तिने सांगितलं की ज्या दिवशी सरकार टीबेरीवर बंदी घालील त्या दिवशी ये, तेव्हाही फोडणार नाहीच, पण निदान तुझी खेप कारणी लागेल.

त्या वर्षी पानगळीला ती पलीकडच्या खोऱ्यात बहिणीकडे सफरचंदांचा मुरंबा घोटायला गेली. परत आली तर ओढ्याकाठी नुसती चूल. हंडा नाही, टोपण नाही, नळी नाही. गार पाण्याचं पिंप आडवं पडलेलं आणि अंगणातून रस्त्यापर्यंत गाडीच्या चाकोऱ्या. ओसरीवर पानांची पोती भरून ठेवलेली होती, हंगाम ऐन भरात होता, आणि बर्फ पडेपर्यंतच काय ते खुडणं. बर्फाआधी भट्टी पेटली नाही तर हिवाळ्यात दिराच्या ताटावर जाऊन बसायचं, हे तिला त्या चुलीपुढे उभ्याउभ्याच कळलं.

ती गावच्या कॉन्स्टेबलकडे गेली. तो दाराला टेकून हसायलाच लागला. म्हणाला, "बाई, असलेली भट्टी लपवणारे मी रोज बघतो. गेलेली परत मागणारी तू पहिलीच. घरी जा, नाहीतर तुलाच आत टाकावं लागेल मला." सलोमीने त्याला सांगितलं की टाकायचं तर टाक, पण आधी चोर धर, मग मी आपल्या पायांनी येते. तो दार लावून घेत होता तेव्हाही ती बोलतच होती.

प्रीतिभोजाचे, म्हणजे मंडळीच्या पवित्र पंगतीचे, दिवस जवळ आले. आमच्यात त्याच्या आधी सेवक घरोघर फिरतात आणि प्रत्येकाला विचारतात की तुझी श्रद्धा कायम आहे का, आणि तू मंडळीतल्या सगळ्यांशी शांतीने आहेस का. मनात अढी ठेवून त्या पंगतीला बसायचं नाही, असा नियम. सलोमीकडे आला तो एफ्राइमच, बरोबर एक नवा तरुण सेवक. एफ्राइमच्या गालात पान होतं. श्रद्धेचं उत्तर सलोमीने हो असं दिलं. दुसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "नाही. माझी भट्टी ज्याने नेली त्याच्याशी माझी शांती नाही."

"सलोमीबाई, झालं ते बऱ्यासाठी समज," एफ्राइम म्हणाला. "देवानेच तुझ्या वाटेतला अडथळा उचलला."

"देवाच्या गाडीला लोखंडी पट्ट्या असतात हे मला माहीत नव्हतं. चाकोऱ्या अजून अंगणात आहेत. जाताना बघून जा."

तरुण सेवकाने खाली बघितलं. एफ्राइमने दाढीवरून हात फिरवला आणि शांतपणे सांगितलं की असं असेल तर या वेळी तिने पंगतीला बसू नये. मागे बघ्यांच्या बाकावर बसावं, तिथे कोणी मना करत नाही. सलोमी म्हणाली की अढी आहे आणि मी बसणारही आहे, माझी जागा मी चोराला मोकळी करून देणार नाही.

ते गेल्यावर ती पोत्यांतली पानं खालीवर करत राहिली, नाहीतर आतून ऊब धरून काळी पडतात. खोटं बोलून 'शांती आहे' म्हटलं असतं तर एक प्रश्न मिटत होता. घरी बसून राहिली असती तर दुसरा. पण लग्नाआधीपासून ती त्या टेबलाला बसत आली होती. लेव्हीच्या आधीपासून, भट्टीच्या आधीपासून. एक गेलं म्हणून दुसरंही आपल्या हाताने सोडायचं हे तिला पटेना. तिला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि भीती वाटतेय याचा तिला आणखी राग आला.

प्रीतिभोजाला प्रार्थनाघर गच्च भरतं. एका बाजूला बायकांची लांब टेबलं, दुसऱ्या बाजूला पुरुषांची, मागच्या स्वयंपाकघरात लोखंडी कढयांतून मटणाचा रस्सा उकळत असतो, आणि भिंतीलगतच्या बाकांवर इतर पंथांचे लोक आणि गावची टवाळ पोरं आम्हांला बघायला येऊन बसतात. आमचे पाय आम्ही कसे धुतो हे त्यांना सर्कशीसारखं वाटतं. सलोमी आली आणि सरळ आपल्या जागेवर, बाकाच्या टोकाला जाऊन बसली. पुरुषांच्या टेबलावरून एफ्राइमने तिच्याकडे रोखून बघितलं. मंडळीचे मुख्य, इसाकबाबा शेली, मधे उभे होते, पण त्यांना एव्हाना फारसं दिसत नव्हतं, माणसं ते आवाजावरून ओळखायचे. तिला उठवायचं तर सगळ्यांदेखत उठवावं लागलं असतं, ते एफ्राइमला नको होतं.

सेवकाच्या बायकोची जागा टेबलाच्या वरच्या अंगाला, इसाकबाबांच्या बायकोशेजारी. पण केझाया त्या दिवशी वर बसलीच नाही. ती बाकाच्या टोकापर्यंत चालत आली आणि सलोमीच्या शेजारणीला सरकवून तिथे टेकली. सलोमीच्या मनात आलं, नवऱ्याने राखणीला धाडली. तिने केझायाकडे मान वळवूनही बघितलं नाही.

जेवणाआधी पाय धुणं. मंडळीतल्या ज्या बहिणीने आपले पाय धुतले, पुसले, तिने कमरेचा लांब पंचा सोडून आपल्या कमरेला बांधायचा, पवित्र चुंबन द्यायचं, मग आपण तिचे पाय धुवायचे आणि पंचा पुढच्या जोडीला द्यायचा. असा तो पंचा आणि ते चुंबन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, आणि ते पोहोचल्याशिवाय घास कोणी उचलत नाही. सुरुवात त्यांच्याच टोकापासून होती. केझायाने घंगाळ पुढे ओढलं, गुडघे टेकले आणि सलोमीचे पाय धुतले. पाय पुसून तिने पंचा सलोमीच्या कमरेला बांधला आणि उठून चुंबन दिलं. हल्ली बहुतेक बायका गालाजवळच्या हवेवरच भागवतात. केझायाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठांवर ओठ टेकले, आणि टेकून जरा थांबली.

सलोमीला आधी टीबेरीचा वास आला. मग त्याखालचा, राय या धान्याच्या दारूचा. तिचा बाप डंकर नव्हता, त्या वासात ती लहानाची मोठी झाली होती. आणि टीबेरीचा तो वासही चावलेल्या पानाचा नव्हता. पानाला रानाचा हिरवेपणा असतो. हा तांब्यातून आलेला, तिच्या स्वतःच्या हंड्याचा वास होता, तिच्या झग्याला आणि केसांना वर्षानुवर्षं येणारा. हंडा वाळूने घासा, राखेने घासा, टीबेरी एकदा तांब्यात शिरली की तिथून हलत नाही. चोराने बहुधा घासला होता, आणि मग वास घेऊन बघितला असेल तर त्याला काहीच आला नसेल, कारण खोऱ्यात टीबेरीचा वास कोणाला येत होता?

केझाया खाली बसली आणि अनवाणी पाय घंगाळाशी पुढे करून थांबली. सलोमी उभीच राहिली. पंच्याचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"इसाकबाबा," ती म्हणाली, "पंचा इथून पुढे जाणार नाही."

बायका तिथे बोलत नाहीत. शंभर टोप्या एकदम वळल्या आणि बाकावरची टवाळ पोरं खुदखुदायची थांबली. इसाकबाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवून विचारलं की कोण, सलोमी का, आणि काय झालं.

"माझी भट्टी चोरीला गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती चालू आहे. तिच्यातून रायची दारू निघतेय, आणि तिचा वास आत्ता माझ्या ओठांवर आहे. कोणी दिला ते सगळ्यांनी बघितलं. मी हिचे पाय धुवायचे तर धुवीन, पण माझा हंडा माझ्या चुलीवर आल्यावर."

केझाया लाल झाली, पांढरी झाली, पण तिने घंगाळाशी केलेले पाय मागे घेतले नाहीत. पुरुषांकडून एफ्राइमचा तो गोड आवाज आला. म्हणाला, या बाईने स्वतःच सांगितलं होतं की तिच्या मनात शांती नाही, तिला इथे बसायचाच हक्क नव्हता, दोन बहिणींनी तिला बाहेर न्यावं. दोन बहिणी उठल्याही. सलोमीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या पुन्हा बसल्या.

इसाकबाबांनी दोन्ही हात पुढे केले, आंधळा माणूस करतो तसे. "एफ्राइम, आधी तू ये," ते म्हणाले. "मला बंधूचं चुंबन दे, मग बहिणींचं बघू."

सोपी गोष्ट होती. चार पावलांवर ते उभे होते. एफ्राइम उठला, दाढीवरून फिरवलेला हात तोंडावर धरला, आणि जागचा हलला नाही. मागे कढईतला रस्सा उकळत असल्याचं सगळ्यांना ऐकू येत होतं. इसाकबाबांचे हात थकून हळूहळू खाली आले, आणि त्या घरात ज्याला डोळे होते त्या प्रत्येकाला जे कळायचं ते कळलं.

"आज जेवण नाही," इसाकबाबा म्हणाले. "हे टेबल स्वच्छ नाही."

मटण बघ्यांना वाटून टाकलं. मेथडिस्ट आणि लुथरन पोटभर जेवले आणि आम्ही उपाशी घरी गेलो. खोऱ्यात आजही कोणी मटणाचा रस्सा केला की ती गोष्ट निघते. सलोमी तडक डोंगर चढून आपल्या घरी गेली, आणि पंचा तसाच तिच्या कमरेला होता. घरी तिने तो सोडून दाराजवळच्या खिळ्याला टांगला.

दुसऱ्या दिवशी तो तरुण सेवक आणि आणखी एकजण तिच्याकडे आले. एफ्राइमने कबूल केलं होतं. रायच्या पिकाला भाव नव्हता, पुरात कुंपणं गेली होती, खाणीवरच्या मजुरांना दारू हवी होती, असं सगळं. पश्चात्ताप झालाय, असंही. तो हंडा अंधार पडल्यावर मुकाट्याने आणून ओढ्याकाठी ठेवील. तिने पंचा परत द्यावा, म्हणजे पुढच्या रविवारी पंगत नव्याने मांडता येईल आणि बाहेर काही बोभाटा व्हायचा नाही. सगळं नीट ठरवून आले होते बिचारे.

"रात्री नेली," सलोमी म्हणाली. "परत येईल ती दिवसा. गिरणीवरून, दुकानांवरून, मोठ्या रस्त्याने. आणि उघडी. वर गोणपाट घालायचं नाही."

त्यांनी तिला समजावलं. रस्त्यावर उघडी भट्टी म्हणजे कॉन्स्टेबलला डोळे मिटायला जागा उरणार नाही, एफ्राइम तुरुंगात जाईल, कदाचित तूही जाशील. सलोमी म्हणाली की मला लपवण्यासारखं काही नव्हतंच, तुम्ही सगळ्यांनी मिळून ते लपवण्यासारखं केलंत. अंधारात परत घेतली तर ती माझी उरत नाही, मीही चोरासारखी ती पेटवीन. मग तिने त्यांना चहा दिला, टीबेरीच्या पानांचाच, आणि वाटेला लावलं.

यानंतरचे दिवस कठीण गेले. बर्फ उशिरा पडावं म्हणून ती कधी नाही ती देवाला सांगत होती. पोत्यातली पानं ती ओसरीभर पसरायची, पुन्हा भरायची, पुन्हा पसरायची. काही काळी पडून फेकावी लागली. दीर येऊन सांगून गेला की हट्टाने चूल पेटत नाही, एक शब्द टाक, आज रात्रीत हंडा येतो. तो गेल्यावर ती खरंच पंचा खिळ्यावरून काढून, घडी घालून, कोट चढवून दारापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. मग घडी मोडून पंचा पुन्हा टांगला आणि त्या रात्री ती रडली, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं, लाजेबिजेशिवाय. पहाटे पहिलं बर्फ पडून गेलं. पातळच, टीबेरीची पानं झाकण्यापुरतं. लाल बेऱ्या त्यातून वर दिसत होत्या.

शनिवारी, बाजाराची गर्दी असते त्या वेळेला, गिरणीच्या बाजूने एफ्राइम ब्रम्बॉची गाडी आली. गाडीत हंडा, टोपण, नळी. ऊन पडलं होतं आणि तांबं असं चमकत होतं की दुकानातून माणसं हात कपाळाला लावून बाहेर आली. एफ्राइम समोर बघून लगाम धरून बसला होता. आणि त्याच्या शेजारी, रविवारची काळी टोपी घालून, ताठ बसली होती केझाया. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं. उलट एफ्राइमने नको म्हणून सांगितलं होतं, असं पुढे कळलं. कॉन्स्टेबल न्हाव्याच्या दारात उभा होता. त्याने गाडीकडे बघितलं, मग गाडीमागे चालायला लागलेल्या गावाकडे बघितलं, आणि आत जाऊन पुन्हा दाढीला साबण लावायला सांगितला.

हंडा उतरवून चुलीवर बसवेपर्यंत सलोमी हाताची घडी घालून उभी होती. कुंपणापलीकडे निम्मं गाव. एफ्राइमने नळी जोडली, पिंप उभं केलं आणि वळून विचारलं, "झालं आता समाधान?"

"पाणी आण," सलोमी म्हणाली. "ओढ्यावरून. आणि कोमट करून दे."

एफ्राइमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण बादली त्याने उचलली. सगळ्यांदेखत तो ओढ्यावर गेला, पाणी आणलं, काटक्या गोळा केल्या, फुंकर मारून जाळ केला आणि बोट बुडवून बघितलं. तोवर सलोमीने घरातून घंगाळ आणि तो पंचा आणला आणि कमरेला बांधला. केझाया न सांगता लाकूड फोडायच्या ओंडक्यावर येऊन बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

सलोमीने बर्फात गुडघे टेकले. एक पाय धुतला, दुसरा धुतला. पुसता पुसता मान वर न करता तिने विचारलं, "कधीपासून पितेस गं?"

"कधीच नाही," केझाया म्हणाली. आवाज बारीक होता, पण कुंपणापर्यंत गेला. "त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा घेतली. मोठा घोट घेतला, ओकारी आली तरी गिळला. मला मंडळीत नवऱ्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही, सलोमी. म्हणून तोंड तुझ्या नाकाशी आणलं. तुझं नाक कधी चुकत नाही."

एफ्राइम बादली हातात धरून तसाच उभा राहिला. सलोमीने पाय कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि उठताना केझायाच्या गुडघ्याचा आधार घेतला. मग तिने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ते देणं राहिलेलं चुंबन दिलं, ओठांवर, पुरतं.

"येताना बेऱ्या खाल्ल्यास," ती म्हणाली. "दोन."

"तीन," केझाया म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच सलोमीचं चुकलं होतं, आणि केझाया हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदरासारखं झग्याचं टोक लावलं.

सलोमीने कमरेचा ओला पंचा सोडला आणि एफ्राइमच्या खांद्यावर टाकला. "हा इसाकबाबांना नेऊन दे," ती म्हणाली. "सांग, माझ्याकडून शांती आहे. आणि त्याच रस्त्याने ने, दुकानांवरून. घडी घालून खिशात कोंबू नकोस." एवढं सांगून ती ओसरीवरून पहिलं पोतं ओढायला गेली, आणि दुसऱ्या टोकाला केझायाने हात लावला.